शिंगं असलेला कोंबडा

नमस्कार, श्रोतेहो.

कोंबड्याला बैलाची शिंगं, गाढवाला फुलपाखराचे पंख, सिंहाच्या धडावर कुत्र्याचं डोकं. मेक्सिको शहरातल्या पेद्रो लिनारेस यांना १९३६च्या सुमारास आजारपणात, ग्लानीत ही जनावरं दिसली म्हणे. सगळी मिळून एकच ओरडत होती : ‘आलेब्रिहेस!’ शब्दाला अर्थ काहीच नव्हता.

आता स्वप्न कुणी तपासायचं? मला कुतूहल आहे ते लिनारेस यांच्या हातांचं. कागद आणि खळ यांतून आकार घडवणं हा त्यांच्या घराण्याचाच धंदा. ईस्टरच्या आदल्या शनिवारी तिकडे येशूचा घात करणाऱ्या जुदासचे पुतळे फटाके लावून उडवतात, ते पुतळे ही मंडळी करायची. गोव्यातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराची तीच गत होते. इतक्या दिवसांची मेहनत, आणि सकाळी राख.

तोच हात मग स्वप्नातल्या जनावरांवर बसला. बोरूच्या कामट्यांचा सांगाडा बांधायचा, पिठाच्या खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायच्या, उन्हात खडखडीत वाळवायचं. मग पांढऱ्या रंगाचा हात, आणि त्यावर ठिपके, खवले, ज्वाळा. गुलाबीशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी केशरी. आपल्या बैलपोळ्याच्या बैलानंही मान खाली घालावी असा भडकपणा. दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो या मेक्सिकोच्या नामवंत चित्रकारांनाही लिनारेस यांच्या कामाची भुरळ पडली होती.

स्वप्नातली ती आरोळी, आलेब्रिहेस, हेच या जनावरांचं नाव झालं. पुढे मेक्सिकोतल्याच वाहाका प्रांतात ते लाकडी प्राण्यांनाही चिकटलं. अर्रासोला गावचे मानुएल हिमेनेस कोपलच्या लाकडात प्राणी कोरत. कोपल म्हणजे ज्याच्या डिंकाचा तिकडे धूप घालतात, ते झाड. लाकूड ओलं असतानाच कोरायचं, कारण तेव्हा ते मऊ असतं. वाळताना तडे जातात, ते बुजवून मग रंगवायचं. त्याच प्रांतातल्या सान मार्तिन तिल्काहेते गावात त्यावर झापोतेक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, नक्षी चढते. नक्षी इतकी बारीक की कधीकधी खालचा प्राणीच हरवतो. माझं मत विचाराल तर मला लिनारेस यांचा कागदी धसमुसळेपणाच जवळचा.

१९९०मध्ये त्यांना मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९९२मध्ये ते गेले. २००७पासून मेक्सिको शहरात अवाढव्य आलेब्रिहेंची मिरवणूक निघते. मिरवणूक संपली की ती जनावरं रेफोर्मा रस्त्याच्या कडेला काही दिवस मांडून ठेवतात. पोरंटोरं शेपटीशी उभी राहून फोटो काढतात. काडी मात्र कुणी लावत नाही.