ते रुंद, चौकोनी, 'फ्यूचर'वालं अक्षर

नमस्कार मंडळी. आजचा विषय अक्षराचा, आणि रेडिओवर अक्षर काही दाखवता येत नाही, त्यामुळे हाताशी पेन असेल तर एक इंग्रजी ओ काढा. गोल नको. चौकोनच काढा, जरा आडवा, चारी कोपरे गोलसर करा आणि बाजू एकदम सरळ न ठेवता किंचित बाहेर फुगवा, जुन्या डबा टीव्हीची काच असायची ना तशी. झाला ओ. आता हेच वळण सी, डी, जी सगळ्यांना लावा, उभ्या-आडव्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या ठेवा, की लगेच ओळख पटेल, कारण हे अक्षर आपण रोज बघतो, जिमच्या पाटीवर, गाडीच्या स्टिकरवर, टुर्नामेंटच्या जर्सीवर, मोबाइल गेमच्या स्कोअरवर.

याचं गाव इटलीतलं तुरिन. तिथे नेबिओलो नावाची टाइप फाउंड्री होती, म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे ओतायचा कारखाना. १९५२ साली तिथल्या अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोवारेसे या दोघांनी मायक्रोग्रामा काढलं, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं आणि आकडे, स्मॉल लेटर्स नाहीतच, म्हणजे हेडिंगला झकास पण सलग मजकूर लावायचा तर पंचाईत. मग दहा वर्षांनी, १९६२ ला, नोवारेसेंनी स्मॉल लेटर्स घालून त्याचं युरोस्टाइल केलं. टीव्हीच्या काचेचं मी उगाच नाही म्हटलं हं, त्या काळात टीव्ही, विमानाच्या खिडक्या, नव्या बिल्डिंगी, सगळीकडे हाच गोलसर कोपऱ्यांचा चौकोन फॅशनमध्ये होता, नोवारेसेंनी तो अक्षरात आणला.

पुढे १९६८ ला दिग्दर्शक कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमामध्ये युरोस्टाइलचं जाड आणि रुंद रूप पडद्यावर आलं आणि मग काय, अंतराळयान म्हटलं की हेच अक्षर असं ठरूनच गेलं. गंमत बघा, आपलं भविष्यकाळ दाखवायचं अक्षर साठ वर्षांहून जुनं आहे, तरी अजून कुणाला ते जुनाट वाटत नाही.

पण दिसायला फास्ट म्हणजे वाचायला फास्ट असं काही नाही. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या एजलॅब या प्रयोगशाळेने मोनोटाइप या फॉन्टच्या कंपनीबरोबर २०१२ च्या सुमारास एक प्रयोग केला, गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरमध्ये माणसं बसवली आणि डॅशबोर्डच्या स्क्रीनवर एकदा युरोस्टाइलसारखं चौकोनी अक्षर दिलं, एकदा फ्रुटिगरसारखं मोकळं, हाताच्या वळणाच्या जवळचं. मोकळं अक्षर असताना पुरुषांची नजर स्क्रीनवर साधारण १० टक्के कमी वेळ अडकली, बायकांमध्ये तेवढा फरक दिसला नाही. कारण तसं साधं आहे. सगळ्यांना एकाच साच्यात बसवलं की ओ, डी, क्यू आणि शून्य ही मंडळी जुळी भावंडं होतात, आणि सी, जी ची तोंडं इतकी मिटत येतात की घाईत बघणाऱ्याला तेही ओच वाटतात. म्हणून माझं मत विचाराल तर हे अक्षर एक-दोन शब्दांचं. नाव, लोगो, मोठा आकडा. दोन ओळींच्या वर गेलात की वाचणारा दमतो आणि जागाही भरपूर खातं.

आता फ्लेक्सवाल्यांशी जरा भांडतो. रुंद फॉन्ट नसला की साधाच फॉन्ट घ्यायचा आणि कोरल ड्रॉमध्ये बाजूने धरून ताणायचा, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. ताणल्यावर होतं काय, तर उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात बारीक, कोपऱ्याची गोलाईपण एका बाजूला ओढल्यासारखी होते. खऱ्या रुंद फॉन्टमध्ये डिझायनरने प्रत्येक अक्षर रुंद म्हणूनच काढलेलं असतं. आणि ताणायची गरज तरी काय, गूगल फॉन्ट्सवर मिक्रोमा आहे, ऑर्बिट्रॉन आहे, दोन्ही फुकट!

मराठीत मात्र मामला अवघड. इंग्रजीत या अक्षराची अर्धी ऐट दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत असते, आणि आपल्याकडे अक्षरं लांब सारली की शिरोरेघ तुटते, म्हणजे तो रस्ता बंदच. अक्षर आतून रुंद करावं तर ग, ण, श यांचा काना मूळ अक्षरापासून इतका लांब जातो की ग वाचायचा की र ला काना वाचायचा, कळत नाही. ट, ठ, ढ यांची तर सगळी ओळखच गोलाईत, त्यांना चौकोनात कोंबलं की बिचारे डब्यासारखे दिसतात. म्हणूनच बहुतेक, इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचे राजधानी आणि तेको हे फॉन्ट चौकोनी वळणाचे असूनही रुंद नाहीत, चांगले अरुंद आहेत, आणि देवनागरीला ते शोभतातही. शाळेच्या सायन्स एक्झिबिशनचं किंवा रोबोटिक्स क्लासचं पोस्टर करायचं असेल तर राजधानी बोल्ड टाकून बघा, फक्त साइज मोठी ठेवा, आणि छापायला देण्याआधी शब्दात जोडाक्षर किंवा रफार असेल तर तेवढं दोन पावलं मागे जाऊन एकदा वाचून घ्या.