फाइल आहे, तरी 404

मागच्या पावसाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी मालवण तालुक्यातल्या खाड्यांचा आणि होड्या लागतात त्या जागांचा नकाशा केला. गड नदीचं मुख, तळाशिल, देवबाग, कर्लीची खाडी, सगळं स्वतः फिरून मोबाइलवर टिपलेलं. लॅपटॉपवर नकाशा झकास चालत होता. सर्व्हरवर चढवला, तर समुद्र दिसतो, किनारा दिसतो, खुणा मात्र एकही नाही. खुणांची फाइल मागितली की उत्तर यायचं 404, सापडली नाही.

आणि फाइल तर फोल्डरात समोर पडलेली! मुलांनी ती तीनदा परत चढवली. मग फोल्डर सगळ्यांना वाचायला-लिहायला मोकळा करून टाकला. तिथे मी त्यांना थांबवलं. परवानगीचं दुखणं असतं तर 401 किंवा 403, म्हणजे ‘तुला परवानगी नाही’ सांगणारा आकडा, दिसला असता. 404 वर परवानग्या सैल करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय नंतर ते दार बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

खुणांची फाइल जिओजेसन, म्हणजे नकाशावरच्या जागा लिहायच्या प्रकारातली होती. मी म्हटलं, फाइलची प्रत काढा आणि नावाच्या शेवटच्या डॉट जिओजेसनच्या जागी डॉट टीएक्सटी लिहा. लिहिलं, आणि फाइल लगेच उघडली. म्हणजे फोल्डर ठीक, परवानगी ठीक. सर्व्हर अडला होता तो नावाच्या शेपटावर.

सर्व्हर फाइल देताना सोबत तिचा प्रकार सांगतो, कंटेंट-टाइप. ही पद्धत मुळात ईमेलसाठी 1992 साली ठरली, तिला माइम म्हणतात. सर्व्हर फाइल आतून वाचत बसत नाही. शेपूट बघतो आणि स्वतःकडच्या यादीत त्याचा प्रकार शोधतो. यादीत नसेल तर काय करायचं, हे प्रत्येक सर्व्हर-प्रोग्रामनं आपापलं ठरवलंय. अपाची प्रकार न सांगताच फाइल देऊन टाकतो. एनजिनएक्स नेहमीच्या मांडणीत ‘ऑक्टेट-स्ट्रीम’, म्हणजे नुसते बाइट, असं सांगून देतो. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस मात्र 2003 च्या सहाव्या आवृत्तीपासून अनोळखी फाइल देतच नाही. लॅपटॉपवर अपाची होता आणि सर्व्हरवर आयआयएस, एवढाच काय तो फरक.

हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहिलेलं होतं. त्या ओळीत शेवटाकडे आकडे होते 404, 3, 50. बाहेरच्याला फक्त पहिला दिसतो. खरं कारण दुसऱ्यात असतं. शून्य असेल तर फाइल खरोखरच नाही. तीन म्हणजे प्रकार माहीत नाही. सात म्हणजे ते शेपूट कुणीतरी मुद्दाम बंद केलंय, तेव्हा आधी त्या माणसाशी बोला. लॉग हाताशी नसेल तर सर्व्हरवरच बसून लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यावरून, पान उघडा, तिथे सविस्तर चूक दिसते.

उपाय एका ओळीचा. वेब डॉट कॉन्फिग या साइटच्या सेटिंगच्या फाइलीत स्टॅटिक-कंटेंटखाली माइम-मॅप, म्हणजे शेपूट आणि प्रकाराची जोडी, लिहायचा: शेपूट डॉट जिओजेसन, प्रकार ‘ॲप्लिकेशन/जिओ+जेसन’. हे नाव 2016 च्या आरएफसी 7946 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नोंदवलेलं आहे, मनाने काही लिहू नका. त्या ओळीच्या आधी त्याच शेपटाची रिमूव्हची, म्हणजे आधीची नोंद काढणारी, ओळ जरूर घाला. नाहीतर उद्या कुणी वरच्या पातळीवर, म्हणजे अख्ख्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, तीच नोंद केली, की नोंद दुहेरी होते आणि 500.19 ही सेटिंगची चूक येऊन फाइलच काय, सगळी साइट बंद पडते. हे मी स्वतः भोगलंय, रात्री अकरा वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना.

एकानं विचारलं, सर, शेपटाच्या जागी डॉट-तारा (.*) लिहून सगळेच प्रकार एकदम मोकळे केले तर? कृपा करून करू नका. फोल्डरात कुणीतरी विसरलेली डॉट बाक फाइल असते, अख्ख्या डेटाबेसची प्रत. आज ती बाहेर जात नाही, कारण सर्व्हर तिला ओळखत नाही. त्याचा हा अडेलपणा मला फार मोलाचा वाटतो.

ओळ घातली, पान पुन्हा उघडलं. 200, म्हणजे फाइल मिळाली. तरीही मालवणच्या किनाऱ्यावर एकही खूण नाही! नकाशा लहान लहान करत गेलो, तेव्हा आमच्या सगळ्या होड्या नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडल्या. जिओजेसनमध्ये रेखांश आधी लिहायचा असतो, अक्षांश मागून. मुलांनी 16 आधी आणि 73 नंतर लिहिले होते. त्या वेळी सर्व्हरला हात लावायला कुणीच गेलं नाही. मुलांमधली एक मुलगी सरळ फाइल उघडून बसली.