लाव्यामागे फिरलेली बंदूक

११ फेब्रुवारी २००६. दक्षिण टेक्ससमधलं आर्मस्ट्राँग रँच. संध्याकाळचे साडेपाच वाजत आलेत, ऊन कललंय. सुक्या गवतातून तिघं जण ओळीनं चालतायत. लाव्यांची शिकार चालू आहे.

तिघांपैकी एक, ७८ वर्षांचे वकील हॅरी व्हिटिंग्टन, आपण पाडलेला पक्षी शोधायला मागे राहतात. बाकीचे दोघं दुसऱ्या थव्याकडे सरकतात. थोड्या वेळानं व्हिटिंग्टन मागून येतात. पुढच्यांना ते कळतच नाही.

लावा उडतो तो एकदम, पायाजवळून, फर्रर्र करत. तेव्हाचे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी त्याच्यामागे बंदूक फिरवतात. समोर मावळता सूर्य. चाप ओढला जातो. सुमारे ३० यार्डांवर उभ्या असलेल्या व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यात, मानेत, छातीत छर्रे घुसतात.

अंगात नारिंगी जाकीट होतं, तरीही! हा रंग माणसाला लांबून ठळक दिसतो, म्हणून तर तो घालतात. पण नजर पक्ष्याला चिकटली की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. म्हणून शिकारीच्या प्रशिक्षणात निघण्याआधीच प्रत्येकाचा टापू ठरवायला शिकवतात: डावीकडचा, समोरचा, उजवीकडचा. पक्षी टापूबाहेर गेला की सोडून द्यायचा. आणि सोबतचा एक जण जरी नजरेआड झाला, तर तो दिसेपर्यंत कुणीही बार काढायचा नाही.

तिकडे मचाणावरून पडूनही बरेच शिकारी जायबंदी होतात. कमरेला-खांद्याला पट्टा हवाच. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीनं वर घ्यायची.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. तरी ‘रानडुक्कर समजून साथीदारावर गोळी’ ही बातमी अधूनमधून येतेच. रात्रीची वेळ, बॅटरीचा झोत, झुडपात खसफस. जनावर दिसलेलंच नसतं, नुसतं काहीतरी हललेलं असतं. त्यात शिकारच चोरटी. जखमीला दवाखान्यात न्यावं तर पोलिसांची भीती. रक्त वाहत असताना सोबती विचार करत बसतात, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

व्हिटिंग्टन यांच्याजवळ चेनींसोबतचं वैद्यकीय पथक लगेच पोहोचलं. तीन दिवसांनी एका छर्‍यामुळं त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला, पण ते वाचले. २०२३ पर्यंत जगले, कित्येक छर्रे अंगात घेऊन.