रजिस्टरमधली पहिली ओळ

ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या सरकारी नोंदणीसाठी झगडलेल्या एथेल गॉर्डन फेनविक यांना 'परिचारिकांची सेवाभावी माउली' म्हणून ओवाळून मोकळं होणं सोपं आहे. पण बाईंना ते फारसं रुचलं नसतं. सेवाभाव कुणीही सांगावा; कोण किती वर्षं, कुठे आणि काय शिकलं याचा कागद दाखवा, असा त्यांचा खाक्या. आज त्या कागदाबद्दलच बोलू.

जन्म १८५७, स्कॉटलंडमधला. १८७८ मध्ये नॉटिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ परिचारिका, मग मँचेस्टर, मग लंडन हॉस्पिटलमध्ये सिस्टर, म्हणजे वॉर्डप्रमुख, आणि १८८१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लंडनमधल्याच सेंट बार्थोलोम्यूज या जुन्या, मातब्बर रुग्णालयाच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख. तिथे त्यांनी प्रशिक्षण तीन वर्षांचं केलं. एका वर्षात मुलगी बिछाना, पट्टी, पथ्य सांभाळायला शिकते. पण शस्त्रक्रियेचा वॉर्ड, तापाचा वॉर्ड, रात्रपाळी असं सगळं एकेकदा पाहायचं म्हटलं तरी वर्ष कुठे गेलं कळत नाही, आणि एकदा पाहिलेलं हातात बसत नाही. शिवाय प्रोबेशनर म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मिळणारे हात. अर्धवट शिकलेलीला बाहेर खासगी शुश्रूषेला पाठवलं, तर तिची फी रुग्णालयाच्या तिजोरीत जाते. लंडन हॉस्पिटल दोन वर्षांत प्रमाणपत्र देई, आणि नोंदणीला सर्वांत कडवा विरोध तिथूनच झाला. यात तत्त्वाइतकाच हिशेबही होता, असं माझं मत.

१८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी लग्न झालं आणि बाईंनी मेट्रनपद सोडलं. त्या काळी मेट्रन आणि गृहिणी ही दोन्ही पदं एका बाईकडे राहत नसत. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एकुलता एक. म्हणजे ज्या कामासाठी त्यांचं नाव राहिलं ते जवळजवळ सगळं रुग्णालयाबाहेर, अप्पर विंपोल स्ट्रीटवरच्या घरात राहून, संसार सांभाळत झालं. ब्रिटिश नर्सेस असोसिएशन १८८७ चीच. १८९३ पासून परिचारिकांच्या नियतकालिकाचं संपादन, तेही पन्नासहून अधिक वर्षं. १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद, आणि तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच.

मागणी एकच होती: डॉक्टरांप्रमाणे परिचारिकांचीही सरकारी नोंदवही हवी, म्हणजे घरी बोलावलेली बाई शिकलेली आहे की नुसता पांढरा अ‍ॅप्रन घालून आली आहे, हे लोकांना ताडून पाहता येईल. विरोधात खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता: परीक्षेत स्मरणशक्ती मोजता येते, स्वभाव नाही, आणि आज नोंदलेली बाई दहा वर्षांनी तशीच राहील याची हमी वही देत नाही. नोंदणीवाल्यांना या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर नीट देता आलं नाही. एकदा नाव चढलं की पुढचं शिक्षण कोण तपासणार, हा प्रश्न राहिलाच.

१९०५ मध्ये संसदीय समितीने नोंदणीची शिफारस केली. तरी विधेयकं एकामागून एक पडत राहिली. न्यूझीलंडने मात्र १९०१ मध्येच कायदा केला होता. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाने गाडं हललं: थोडक्या शिक्षणाच्या स्वयंसेविका मोठ्या संख्येने वॉर्डांत आल्या, आणि शिकलेलीला वेगळं ओळखायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांसमोर उघडा पडला. डिसेंबर १९१९ मध्ये कायदा झाला.

कायद्याची रचना बघा. वहीचा सर्वसाधारण भाग स्त्रियांचा. पुरुष परिचारक, मनोरुग्णांच्या आणि लहान मुलांच्या परिचारिका यांच्यासाठी पुरवणी भाग. आधीपासून काम करणाऱ्यांसाठी दोन वर्षांची सवलत: किमान तीन वर्षं खरोखर शुश्रूषेचं काम केल्याचा पुरावा आणि चारित्र्याचा दाखला. शुल्क एक गिनी. पण मोठी फट राहिली: संरक्षण 'नोंदणीकृत परिचारिका' या बिरुदाला मिळालं, 'नर्स' या शब्दाला नाही. वहीत नाव नसलेली बाईही पाटी लावून काम करू शकत होती.

आणि इथेच मेट्रनची सवय आडवी आली. नोंदणी समितीच्या अध्यक्ष म्हणून बाई प्रत्येक अर्ज, प्रत्येक दाखला बारकाईने तपासायचा आग्रह धरत. वॉर्डाच्या फेरीत मेट्रनने एकेका खाटेची चादर पाहावी, तसं. तीस खाटांना ते जमतं. हजारो अर्जांचा ढीग लागला की सवलतीची मुदत संपत येते आणि टेबलावरचे कागद हलत नाहीत. वही सांभाळणाऱ्या कौन्सिलमध्ये भांडणं झाली, सदस्यांनी राजीनामे दिले, आणि १९२२ च्या निवडणुकीत परिचारिकांनी बाईंनाच घरी बसवलं. ज्या वहीसाठी तीस वर्षं झगडल्या, तिच्या मतदारांनीच. बाईंचा चोखपणा तोच, पण मापाबाहेर वापरलेला.

एक गंमत. सर्वांकडून तीन वर्षांचं प्रशिक्षण मागणाऱ्या बाई स्वतः १८७८ मध्ये शिकायला लागून १८८१ मध्ये मेट्रन झाल्या होत्या. मधल्या काळात सिस्टर म्हणून नोकरीही धरली. म्हणजे नव्या नियमाने पाहिलं तर त्यांचं नाव सवलतीतूनच चढायचं. ३० सप्टेंबर १९२१ रोजी वही उघडली तेव्हा पहिल्या ओळीवर, क्रमांक १ समोर, त्यांचंच नाव लिहिलं गेलं.