अंगणात कुणी नाही, तरी फोन वाजायलाय

(रात्रीचं अंगण, कॅमेऱ्यातलं काळंपांढरं चित्र. कोपऱ्यात घड्याळ पळतंय.)

परभणीकडचं गाव आहे हे, गंगाखेड रोडला. मुलगा-सून पुण्यात, गावात आई, दोन शेळ्या आणि ओसरीच्या खांबाला ठोकलेला एक कॅमेरा. आता असं घर आपल्याकडं गल्लोगल्ली सापडतं, नोकरीला गेलेलं पोरगं तिकडं बसून मोबाईलवर आपलं घर बघत राहतं. पण झालंय काय, की रात्रभर फोनवर "हालचाल आढळली" येत राहतं, उघडून बघावं तर काहीच नाही, आणि मग एक दिवस पोरगं वैतागून नोटिफिकेशनच बंद करतं. कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग चालू, आणि चोर आला तर कळणार सकाळी, तेही शेजाऱ्याच्या फोनवरून.

त्या आईला, म्हणजे आपल्या मावशींना, विचारलं तर त्या म्हणतात, "पोरगं म्हणायलं, आई, रातच्याला अंगणात कोण फिरायलंय. म्हणलं कोण फिरंल बाबा, मीच तर बाजंवर झोपलेली असते."

आता यावर बहुतेक लोक पहिली गोष्ट काय करतात, तर ॲपमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी खाली ओढतात. शंभरवरून पन्नास, पन्नासवरून वीस. शांतता होते, खरंय. पण मग अंधारातून काळा शर्ट घालून माणूस चालत गेला तरी शांतताच राहते, कारण त्या कपड्यात आणि मागच्या अंधारात फरकच एवढासा असतो. म्हणून तो आकडा आधी हलवायचा नाही, तो सगळ्यात शेवटी.

(मोबाईलचा स्क्रीन जवळून. चित्रावर लाल चौकोनांची जाळी.)

हे बघा, साध्या डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, मोशनचा म्हणजे हालचालीचा मेनू उघडला की चित्रावर अशी जाळी येते. बऱ्याच मॉडेलमध्ये 22 आडवे आणि 18 उभे असे चौकोन असतात, म्हणजे 396. कॅमेरा प्रत्येक चौकोनात मगाचचं चित्र आणि आत्ताचं चित्र ताडून बघतो, बस. त्याला माणूस कळत नाही, शेळी कळत नाही, चोर तर नाहीच नाही, त्याला फक्त उजेड-अंधार बदललेला कळतो. सेन्सिटिव्हिटी म्हणजे किती बदल झाला की त्याला बदल म्हणायचं, आणि शेजारी थ्रेशोल्ड लिहिलेलं असतं ते म्हणजे किती भागात बदल झाला की बोंब मारायची. दोन्ही वेगळं काम करतात, आणि लोक एकच बटण समजून दोन्ही एकदम फिरवतात, मग काय केल्यानं काय झालं याचा पत्ताच लागत नाही.

आणि मुख्य गोष्ट इथंच आहे. झोन, म्हणजे जिथं हालचाल झाली की अलार्म वाजवायचा तो भाग, आपण जमिनीवर काढत नाही, चित्रावर काढतो. खिडकीच्या काचेवर खडूनं रेघ मारली आणि बाहेरचं झाड त्या रेघेत बसवलं, तसं. तुम्ही मान हलवली की झाड रेघेबाहेर. इथं वानरं पत्र्यावर उड्या मारतेत, खांबाला धरून उतरतेत, कॅमेरा दोन बोटं फिरला तरी गेटसाठी काढलेला झोन सरकून कडुलिंबाच्या फांदीवर जातो. ॲपमध्ये झोन जसाच्या तसा दिसतो, सेटिंगमध्ये काही बदललेलं नसतं, म्हणून माणूस सगळं तपासून दमतो पण थेट चित्र नीट बघत नाही. गोल फिरणारा कॅमेरा असेल तर अजूनच मजा. मुलानं पुण्यातून बोटानं गोठ्याकडं फिरवला, बघितलं, तसाच सोडून दिला. आता गेटचा झोन शेळ्यांवर.

कॅमेरेवाला शिडीवरून ओरडतो, "मावशी, गेटपाशी जाऊन उभ्या ऱ्हावा जरा!" मावशी पदर सावरत जातात, "उभी हाय बघ, काय दिसायलंय का?" आणि खरंच, डोकं झोनमध्ये आहे आणि पाय बाहेर.

हे पायाचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. आता नवीन कॅमेरे माणूस ओळखतात, त्याच्याभोवती एक चौकट काढतात. मग तो माणूस झोनमध्ये आहे का नाही, हे ठरवायचं कशावरून? फ्रिगेट नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, जुन्या कॉम्प्युटरवर लोक चालवतात, त्यात नियम सरळ आहे, चौकटीच्या खालच्या कडेचा मध्यबिंदू जिथं, माणूस तिथं. म्हणजे पाय. आणि आपण झोन काढतो कसा, तर गेटच्या दरवाज्यावर, उभा, छातीच्या उंचीला, कारण आपल्याला वाटतं गेटचं रक्षण करायचंय. माणूस गेटमधून आत येतो, पाय फरशीवर, फरशी झोनबाहेर, अलार्म नाही. उलट कंपाऊंडच्या भिंतीपलीकडनं रस्त्यानं चालणाऱ्याचे पाय भिंतीआड असतात, चौकट भिंतीच्या वरच्या कडेवर संपते, आणि झोन तिथपर्यंत ओढला असेल तर रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस अंगणात आला असं धरलं जातं. दुधवाला, शाळेची पोरं, सगळे. म्हणून झोन चित्रातल्या जमिनीवर पाडायचा, जिथं पाऊल पडणार तिथं, आणि भिंतीच्या अलीकडं जरा जागा सोडून.

(दिवसा. अंगणात लिंबाची सावली हलतेय.)

आता झाड. लिंबाची फांदी वाऱ्यानं हलते, तेवढे चौकोन पुसून टाकले, झालं, असं वाटतं. फांदी बाहेर काढली पण सावली आत राहिली. आणि सावली जागा बदलते हो, दिवसाच नाही, वर्षभर. परभणीला मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, झाडाची सावली झाडाखालीच. कॅमेरे लोक लावतात कधी, तर उन्हाळ्यात, लग्नसराईत घर रंगवताना. तेव्हा झोन एकदम छान चालतो. मग डिसेंबर येतो, सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, भर बारालाही सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी लांब उत्तरेला पडते, आणि सकाळ-संध्याकाळी तर विचारूच नका. लोक म्हणतात कॅमेरा खराब झाला. काही खराब झालेलं नाही. दिवाळीनंतर एकदा झोन परत काढावा लागतो.

दिवस मावळताना एक अलार्म हमखास येतो, तो सोडून द्या. "टक" असा बारीक आवाज होतो ना, तेव्हा आतली काच सरकते आणि रंगीत चित्र काळंपांढरं होतं, सगळेच चौकोन एकदम बदलतात. लाईट गेली आली तरी तसंच.

रात्रीचा खरा वैरी म्हणजे पाखरं, बारीक उडणारे किडे. कॅमेऱ्याभोवतीचे ते छोटे दिवे बहुतेक 850 नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचे असतात, आपल्याला फक्त मिणमिणता लाल ठिपका दिसतो, पण कॅमेऱ्याला तो बॅटरी मारल्यासारखा उजेड. लेन्सपासून चार बोटांवर एक बारीक किडा उडाला की चित्रात पांढरी भली मोठी रेघ पळते. आणि किडे आले की कोळी येतोच, ऐन लेन्ससमोर जाळं विणतो, वाऱ्यानं ते हाललं की पहाटेपर्यंत फोन वाजतो. इथं कुठलाही झोन कामाचा नाही, झोन कसाही काढा, जाळं सगळ्या चित्रावर आहे. कोरड्या फडक्यानं पुसायचं. परत परत होत असेल तर कॅमेऱ्यातले दिवे बंद करून तसाच दिवा लांब, दुसऱ्या खांबाला लावायचा, म्हणजे लेन्ससमोरचा किडा तेवढा चमकत नाही.

मावशींच्या कॅमेऱ्यात मात्र या सगळ्यापेक्षा वेगळंच एक निघालं. पोरानं वेळ लावली होती रात्री दहा ते पहाटे पाच, तेवढंच वाजावं म्हणून. आणि वाजायचं संध्याकाळी साडेसातपासून, मावशी अंगणात भांडी घासत असताना. कॅमेऱ्याचं घड्याळ चीनच्या वेळेवर होतं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. म्हणजे आपल्या साडेसातला त्याचे दहा वाजायचे, आणि आपल्या रात्री अडीचला त्याची पहाट व्हायची. अडीच ते पाच, चोराची खरी वेळ, तेव्हा कॅमेरा गपगार. ॲपमध्ये टाइमझोन बदलायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

(शेत. विहिरीजवळ लोखंडी पाईपवर सोलर कॅमेरा.)

शेतातला कॅमेरा ही वेगळी जात आहे. मोटारीची केबल कापून नेतेत म्हणून लोक सिमकार्डचा सोलर कॅमेरा विहिरीवर लावतात. हा दिवसभर झोपलेला असतो, बॅटरी वाचवायला, आणि त्याला उठवतो तो चित्र नाही तर उष्णता ओळखणारा सेन्सर, पीआयआर म्हणतात, पुढं पांढरं फुगीर झाकण असतं तोच. शरीराची उष्णता आणि मागची उष्णता यातला फरक समोरून सरकला की तो उठतो. आता मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 वर, विहिरीचा कठडा दिवसभर तापलेला, रात्री तो निवत निवत माणसाच्या कातडीएवढा, पस्तिसाच्या आसपास येतो, मग फरक कुठं धरायचा त्यानं? म्हणून उन्हाळ्यात हे कॅमेरे बऱ्याचदा झोपूनच राहतात आणि लोक ॲपमध्ये झोन मोठा करत बसतात. पण झोनचा हिशोब कॅमेरा उठल्यावर होतो, उठलाच नाही तर झोन काय करणार. दुसरं म्हणजे, सरळ कॅमेऱ्याकडं चालत येणारा माणूस याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. पायवाट आडवी दिसेल असा बसवा. आणि दहा मीटरच्या आत बसवा, आपण लावतो लांब लिंबावर, मग उठेपर्यंत एक-दोन सेकंद जातात आणि रेकॉर्डिंगमध्ये येते ती फक्त चोराची पाठ.

(परत अंगण. कॅमेरेवाला शिडी दुमडतोय, मावशी चहा घेऊन.)

जाता जाता मावशी हळूच विचारतात, "त्या शेजारच्या बाईचं न्हाणीचं दार दिसतंय का रं यात? ती बोलायली होती." दिसत होतं. यासाठी झोन नाही चालत, झोनमुळं फक्त अलार्म थांबतो, चित्र मात्र तसंच रेकॉर्ड होतं. त्याला प्रायव्हसी मास्क वेगळा असतो, तेवढ्या भागावर काळी पट्टी येते, आणि ती रेकॉर्डिंगमध्येच बसते, नंतर पोलिसांनी मागितलं तरी मागचं काढता येत नाही. म्हणून पट्टी दारापुरतीच टाकली, बोळीकडची बाजू उघडी ठेवली, आणि शेजारच्या बाईंना बोलावून मोबाईलवर दाखवलं.