तंग बघिटलास काय?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आणि पलीकडं चंदगड-गडहिंग्लजकडनं जे कोण ऐकत असाल त्या सगळ्यांना नमस्कार. आज घोड्यावर बोलायचंय. म्हणजे खरं तर घोड्यावर बसायला येणाऱ्या पोरांवर, आणि त्यांच्या आईबाबांवर पण थोडं.

झालंय काय, की 2023 च्या हांगझोऊच्या एशियन गेम्समधे आपल्या चार जणांच्या टीमनं ड्रेसाजमधे, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्यानं ठरलेल्या चाली करून दाखवायच्या त्या खेळात, गोल्ड मारलं, त्यात दोन पोरी होत्या, आणि घोडेस्वारीतलं आपलं त्याआधीचं गोल्ड थेट 1982 चं, दिल्लीचं. मोबाईलवर ते व्हिडिओ फिरले आणि आमच्याकडं चौकशी वाढली. चांगलंच आहे, पोरं मैदानावर यायलीत. पण पहिल्याच दिवशी गाडीतनं उतरता उतरता विचारतात, काका, ह्याला सर्टिफिकेट कधी मिळणार ओ? अहो, पोरगं अजून घोड्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते शिकलेलं नाही. एकानं तर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेटच आणून दाखवलं, कुठल्यातरी दहा दिवसांच्या समर कॅम्पचं, फोटोसकट. पोराला म्हटलं, जा बाळ, घोडीला बांध बघू. त्यानं दोरीला चप्पल बांधल्यासारख्या तीन गाठी मारल्या. घोडी बिचकून मागं ओढायला लागली तर ती गाठ सुटायला कोयता लागला असता.

म्हणून ही गाठ आधी सांगतो. घोडा बांधायची गाठ अशी, की घोड्यानं ओढली तर घट्ट होते आणि माणसानं दोरीचं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. आणि ती कड्याला डायरेक्ट मारायची नाही, कड्यात आधी सुतळीचा एक वेढा करायचा आणि त्यात दोरी बांधायची. घोडा बिथरला तर सुतळी तुटते, मान वाचते. जगातल्या कुठल्याही धड परीक्षेत लहान पोराला पहिल्यांदा जे विचारतात त्यात हे असतंच.

ह्या परीक्षांची गोष्ट अशी आहे. 1929 साली इंग्लंडात पोनी क्लब निघाला, पोरांना घोडा शिकवायला, आणि 1954 साली अमेरिकेत त्यांचा निघाला. अमेरिकेत पायऱ्या अशा: सुरुवात डी पासून, मग सी, मग बी, आणि शेवटी ए. आपल्याकडं डी मिळाला तर बाप मार्कशीट लपवतो, तिथं सगळ्यांची सुरुवातच डी नं. डी म्हणजे मोठ्यांच्या मदतीनं करतो. सी म्हणजे आपला घोडा आपण सांभाळतो. त्याच्या वर गेलं की दुसऱ्याचा, अनोळखी घोडा दिला तरी घेऊन दाखवायचा, आणि लहान पोरांना शिकवायचं पण. प्रत्येक पायरीला दोन भाग असतात, बसणं वेगळं आणि घोड्याची देखभाल वेगळी. वर बसून कितीही झोकात चालवा, खाली उतरल्यावर टाप उचलता आली नाही तर पुढची पायरी नाही. आपल्याकडं एक असा ठरलेला नमुना नाही, क्लबगणिक पद्धत वेगळी, पण एनसीसीच्या आर अँड व्ही स्क्वाड्रनमधे, म्हणजे घोड्यांच्या तुकडीत, जी पोरं असतात त्यांना विचारा, तिथं पण खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासणं, आधी आणि रपेट नंतर.

बसण्याचं मी थोडक्यात उरकतो, कारण ते रेडिओवर सांगून येत नाही. कान, खांदा, कंबर, टाच, बाजूनं बघितलं तर एका रेषेत पाहिजेत. टाच खाली. कोपरापासनं घोड्याच्या तोंडापर्यंत लगाम सरळ रेषेत. दुडक्या चालीत गोलात जाताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढं गेला की उठायचं आणि मागं आला की बसायचं, हे पोरांना आठवडाभर कळत नाही आणि मग एक दिवस अचानक कळतं, सायकलसारखं. बस. बाकीचं मैदानावर.

आता माझं स्वतःचं ऐका, हसू नका. मी चौदा वर्षांचा असताना एका ठिकाणी शिकायला जायचो, नाव सांगत नाही. तिथं एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, मामा होते, गोकाककडचे. माणसांशी मराठी बोलायचे, घोड्यांशी कन्नड. घोड्याला थांब म्हणायचं असलं की 'निल्लू', आणि घोडा थांबायचाच, आम्ही 'थांब थांब' करून घसा फोडला तरी ढिम्म. तर हे मामा मी रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय घातला की प्रत्येक वेळी तेच एक विचारायचे, "तंग बघिटलास काय रे?" तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा. मी म्हणायचो, व्हय मामा, बघिटलो. आणि खरंच बघितलेला असायचा, पण एकदाच, खोगीर चढवताना. आता घोडी असते हुशार. तंग आवळताना ती पोट फुगवून उभी राहते, आणि चार पावलं चालली की श्वास सोडते. तंग ढिला. त्या दिवशी मी आपला रुबाबात दुडक्या चालीत निघालो आणि कोपऱ्यावर वळताना खोगीर माझ्यासकट हळूऽऽ फिरलं, अगदी घड्याळाच्या काट्यासारखं, आणि मी आमच्या त्या बेळगावच्या लाल चिखलात, जुलै महिना, तोंडावर. घोडी थांबून माझ्याकडं बघत होती. मामा आले, मला उचललं नाही, आधी घोडीचे पाय बघितले. मग मला म्हणाले, "दोनदा बघायचा असतोय." म्हणजे चढायच्या आधी एकदा, आणि दहा पंधरा मिनिटं चालवल्यावर परत एकदा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. आजकाल परीक्षेत हेच बघतात, पोरगं न सांगता दुसऱ्यांदा वाकून बघतंय का. तिथं कोण विचारत नाही, नुसते वहीत लिहितात.

डोकं वाचलं कारण हेल्मेट होतं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला पाहिजे, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, वरनं नवंकोरं दिसलं तरी. पायात टाचेचे बूट, थोडीच टाच, पण पाहिजे, नाहीतर पाय रिकिबीतनं आरपार जातो आणि मग घोडा पळाला तर माणूस मागनं ओढत. स्पोर्ट शूज चालत नाहीत, हे सांगून मी थकलो.

आता टाप. दर ज्येष्ठात आपल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीतनं शितोळे सरकारांचे घोडे आळंदीला निघतात, माउलींच्या पालखीसाठी, चालत. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, तिथं माउली बसलेत म्हणून. रिंगण झालं की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मी पण लावलीय. पण घोडेवाल्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललेलं असतं, की हा इथपर्यंत चालत आलाय, नाल घट्ट आहे काय, टापेत खडा अडकलाय काय.

टाप उचलायची पद्धत सांगतो. घोड्याच्या खांद्यापाशी उभं राहायचं, तोंड त्याच्या शेपटीकडं. हात खांद्यावरनं खाली सरकवत न्यायचा, अचानक पायाला हात लावायचा नाही, तो दचकतो. खाली घोट्याच्या वर मागनं हलकं दाबलं की शिकलेला घोडा पाय देतो. मग खुरपीनं, हूफ पिक म्हणतात, माती काढायची, टाचेकडनं पुढच्या टोकाकडं, उलटं नाही. टापेच्या मधे रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात, बेडकाशी काही संबंध नाही. त्याच्या दोन्ही बाजूच्या खाचांत टोक खुपसायचं नाही, अलगद. आणि नाक जवळ न्यायचं. व्हय, वास घ्यायचा. काळं काही निघालं आणि कुजका वास आला, तर थ्रश झालाय, टाप आतनं सडायलीय. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीय, जून ते सप्टेंबर तबेल्यात ओल हटत नाही, त्यात लीद आणि मूत वेळेवर काढलं नाही की हे होतंच. औषध आहे, पण आधी जागा कोरडी. आणि नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे, नाल झिजली नसली तरी, कारण टाप नखासारखी वाढतच असते.

घोडं कुठं पेंड खातंय असं आपण म्हणतो ना, तर देखभालीच्या परीक्षेत खरंच तेच बघायचं असतं, कुठं आणि किती. घोडा म्हशीसारखा रवंथ करत नाही. त्याचं पोट अंगाच्या मानानं लहान, आठ ते पंधरा लिटर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला उलटी होत नाही. आत गेलेलं चुकीचं असलं तर परतीचा रस्ता नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसातनं तीन चार वेळा, आणि गवत जास्त, दाणा कमी. वरातीच्या घोड्याला लोक प्रेमानं काय काय भरवतात, पेढा, जिलेबी, पुरी, आणि रात्री तो जमिनीवर लोळायला लागतो, पोटाकडं वळून वळून बघतो, घाम फुटतो. तो पोटशूळ. कोलिक म्हणतात. घरगुती काढा पाजत बसू नका, खाणं काढा आणि डॉक्टरला फोन करा.

आणखी एक, हे आपल्या भागातल्या लोकांनी नीट ऐका, कारण घराघरात गाईम्हशी आहेत आणि पोत्यातलं पशुखाद्य उघडंच असतं. काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला चालतं. घोड्याला थोडं पण चालत नाही, हृदय बंद पडतं. तशीच कण्हेर. देवळापाशी, कंपाउंडला, हायवेच्या मधे लावलेली असते, फुलं छान दिसतात, पण पानं विषारी, वाळलेली पण. घोडा कण्हेरीच्या झुडपाला कधीच बांधू नका. ही असली माहिती इंग्रजी पुस्तकात तिकडच्या झाडांच्या नावांनी असते आणि पोरं ती पाठ करतात, रॅगवर्ट म्हणे. बाळा, तुझ्या तबेल्याच्या दारात कण्हेर आहे ती बघ.

मागच्या वर्षी आमच्याकडची एक पोरगी, नववीतली, बाहेरगावी टेस्टला गेली होती. मी सोबत. परीक्षकबाईंनी इंग्रजीत विचारलं, घोड्याची नाडी सांग. पोरगीनं जबड्याच्या खालच्या हाडाच्या आत बोट ठेवलं, तिथं एक नस असते, बोटाखाली दोरीसारखी सरकते. घड्याळ बघून मोजायला लागली आणि मधेच घोड्यानं मान झटकली. मी लांबनं बघत होतो, माझ्या पोटात गोळा. ती सरळ म्हणाली, मोजणं चुकलं, परत मोजते. पंधरा सेकंदात दहा ठोके, म्हणजे मिनिटाला चाळीस. शांत उभ्या घोड्याचे 28 ते 44 असतात, श्वास मिनिटाला 8 ते 16, ताप 99 ते 101 फॅरेनहाइट. बाईंनी विचारलं, हे आकडे तू पाठ केलेस का? ती म्हणाली, आमच्या बिजलीचे रोज सकाळी वहीत लिहिते, तिचे सहसा 36 असतात. ती वही बाईंनी मागून घेतली आणि पाचेक मिनिटं चाळली. त्यात कुठल्या तारखेला जंताचं औषध, कधी टिटॅनसचं इंजेक्शन, कधी नालबंद, सगळं होतं, मधे मधे शेणाचे, सॉरी, लिदीचे डाग पण होते.

आणि हे लहान पोरांपुरतंच आहे असं समजू नका. आपल्या कर्नाटकचा, बेंगळुरूचा फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमधे फायनलला जाऊन 23 वा आला, इव्हेंटिंगमधे, म्हणजे ड्रेसाज, मग मैदानातलं धावणं-उड्या आणि शेवटी जंपिंग असा तिहेरी खेळ. त्या खेळात सुरुवातीलाच घोडा पंचांसमोर आणि डॉक्टरसमोर हातानं धरून पळवत दाखवावा लागतो, स्वार खाली, घोड्याच्या बाजूनं पळणार. थोडा जरी लंगडला तरी संपलं, घरी. धावणं-उड्या झाल्यावर शेवटच्या जंपिंगच्या आधी परत एकदा तेच. म्हणजे ऑलिंपिकमधे पण कोणीतरी विचारतंच, तंग बघिटलास काय.

खर्चाचं पण बोलतात लोक. खरंय, स्वस्त नाही. पण खरारा करायला, तबेला झाडायला, टाप उचलायला घोडा विकत घ्यावा लागत नाही, आणि अर्धी परीक्षा तीच आहे. मी पोरांना पहिले दोन आठवडे खोगिराला हातच लावू देत नाही. काही आईबाबा त्या दोन आठवड्यांतच दुसरीकडं जातात, स्विमिंगला वगैरे. जाऊ देत.

तर ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला, उन्हाच्या आधी. केस बांधून, टाचेचे बूट, अंगात ढगळ काही नको, ओढणी नको. मामा आता म्हातारे झालेत, आमच्याकडंच असतात, खुर्चीत बसून बघतात. आणि एक सांगायचं राहिलं, येताना गूळ आणू नका ओ, मागच्या महिन्यात सगळ्यांनी मिळून इतका गूळ चारलाय की बिजलीचा तंग एक भोक सैल करायला लागला.