खालचा फड पडीत कोण ठेवणार?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात भरदुपारी रावेरहून यावलकडे निघालात, तर केळीच्या बागांच्या कडेनं हिरवी जाळी ताणलेली दिसेल. कुठे शेवरीची दाट रांग असेल. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर सरकला की गरम वाऱ्यानं पानं चिंध्यांसारखी फाटतात आणि निसवलेल्या बागेत घड सटकतो. वर्षभर जपलेला घड दांड्यातून मोडून मातीत पडतो. असं एकदा झालं की तो शेतकरी कोणाची वाट बघत बसत नाही. जाळी आणतो, लागवडीची तारीख मागेपुढे करतो, जून-जुलैत लावायची मृगबाग कमी करून ऑक्टोबरच्या आसपास लावायची कांदेबाग वाढवून बघतो. सरकारी कागदात ह्याला ‘हवामान बदलाशी अनुकूलन’ म्हणतात. आपण निभावून नेणं म्हणतो.

एक शेत निभावून नेणं वेगळं आणि अख्खा देश निभावून नेणं वेगळं. गरीब, विकसनशील देश त्यासाठी आराखडे कसे करतात, आणि आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या जुन्या माणसांना त्यातलं काय आधीच ठाऊक होतं, एवढंच आज सांगायचं आहे.

२००१ साली मोरोक्कोतल्या मराकेश शहरात जगातले देश जमले होते. धूर ज्यांनी सोडला त्यांच्यापेक्षा ज्यांनी सोडला नाही तेच आधी भरडले जाणार, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिथे ठरलं की सर्वांत गरीब देशांनी आपापल्या तातडीच्या गरजांची यादी करावी. याद्या झाल्या. कुठे बंधारा, कुठे बियाणं, कुठे हवामानाचं यंत्र. पण यादी ती यादीच. पुढे २०१० मध्ये मेक्सिकोतल्या कानकुन परिषदेत ‘राष्ट्रीय अनुकूलन आराखडा’ ही लांब पल्ल्याची वाट आखली गेली. फरक आपल्या भाषेत सांगतो. पेरणी उलटल्यावर दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणायचं, हा प्रश्न पहिल्या यादीचा. इथून पुढे ह्या जमिनीत कपाशी घ्यायची की ज्वारी, हा प्रश्न दुसऱ्या आराखड्याचा. त्यात एकटं पर्यावरण खातं पुरत नाही. शेती, पाणी, आरोग्य, रस्ते आणि मुख्य म्हणजे तिजोरी सांभाळणारं अर्थखातं, सगळ्यांनी आपापल्या अंदाजपत्रकात हवामान धरायचं, अशी अपेक्षा.

बांगलादेशचं बघा. १९७०च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्यांनी स्वयंसेवकांची फळी उभी केली, किनाऱ्यावर निवारे बांधले, भोंगे घेऊन गावोगाव सावध करायची रीत बसवली. २००७ला सिडर आलं, तेही भयंकर वादळ, तेव्हा मृत्यूंचा आकडा सुमारे साडेतीन हजार होता. साडेतीन हजार हा काही लहान आकडा नव्हे. पण लाखांवरून हजारांवर येणं हे जवळपास चार दशकांच्या चिकाटीचं काम आहे. त्याच देशानं २०२२ मध्ये २०५०पर्यंतचा राष्ट्रीय आराखडा केला. देशाचे ११ भाग पाडले, प्रत्येकाचं दुखणं वेगळं लिहिलं. कुठे खारं पाणी शेतात शिरतं, कुठे दुष्काळ, कुठे अवेळी पूर. एकूण ११३ कामं आणि खर्च सुमारे २३० अब्ज डॉलर.

मला मात्र नेपाळनं केलेली एक गोष्ट जास्त आवडते. २०११च्या धोरणात त्यांनी लिहून ठेवलं की हवामानासाठी आलेल्या पैशातला किमान ८० टक्के थेट गावपातळीवरच्या कामाला जायला हवा. गावांचे आराखडे वेगळे करायचे, तेही गावात बसून. प्रत्यक्षात तो टक्का दरवेळी साधतो असं नाही, राजधान्या सगळीकडे सारख्याच. पण आकडा कागदावर असला की गावकऱ्याला निदान भांडता येतं.

आता पैशाचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा हिशेब असा, की विकसनशील देशांना २०३५च्या सुमारास ह्या कामासाठी दरवर्षी ३१० अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त लागतील. २०२३ मध्ये त्यांना बाहेरच्या सरकारी पैशातून मिळाले सुमारे २६ अब्ज. लागतात बारा रुपये, हातावर टेकवतात एक, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा! दक्षिण कोरियातून चालणारा हरित हवामान निधी आराखडा लिहायला एका देशाला ३० लाख डॉलरपर्यंत मदत देतो. म्हणून आराखडे लिहून होतात. पुढचं अडतं.

आपल्या देशानं २००८ मध्ये हवामान बदलाची राष्ट्रीय कृती योजना आणली, आठ अभियानांची. मग राज्यांनी आपापल्या योजना केल्या. महाराष्ट्रात २०१८पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. पोकरा म्हटलं की तुम्हाला लगेच कळेल. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे, सुमारे पाच हजार गावं, चार हजार कोटींच्या घरातला खर्च. खान्देशातला त्यात एकटा जळगाव. धुळे-नंदुरबारकरांनी तेव्हा काय पाप केलं होतं, ते नकाशा काढणाऱ्यालाच माहीत. पण ह्या प्रकल्पातली एक गोष्ट मोलाची होती. गावाच्या पाण्याचा ताळेबंद. शिवारात पाऊस किती पडला, अडला किती, मुरला किती, पिकं किती पिणार, जमा-खर्च मांडायचा. बहुतेक गावांचा ताळेबंद तुटीचा निघतो. मग तूट भरायला काय सुचवतात? शेततळं, नाला खोलीकरण, ठिबक. सगळं चांगलंच आहे. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून विहिरींना पाणी आलेलं आपण पाहिलंय. पण ठिबकनं वाचलेलं पाणी बऱ्याचदा जमिनीत राहत नाही, ते आणखी दोन एकर केळीला जातं. रावेर-यावलला बोअर खाली खाली का चालले, ह्याचं उत्तर त्या दोन एकरांत आहे.

इथे मला माझ्या आजोळचा फड आठवतो. साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांचा जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असे. स्वतःच्या शेताकडे पाणी वळवायचं दारं स्वतः उघडायचं नाही. ते काम जागल्याचं. रात्री खांद्यावर कुदळ, हातात कंदील, आणि शेताचा मालक बांधावर उभा असला तरी त्याच्याकडे न बघता जागल्या पाणी फिरवायचा. मी लहान होतो, एका कमी पावसाच्या वर्षी पारावर पंच बसले होते. बंधाऱ्यातलं पाणी बघून आलेला म्हातारा एवढंच म्हणाला, “यंदा पानी कमी शे, भो. खालना फड पडीत राही.” कोणी हुज्जत घातली नाही. घालून काय करणार? खालच्या फडात पंचांचाही तुकडा होता.

पुढे विहिरी वाढल्या, वीज आली, मोटारी आल्या, आणि बरेच फड मोडत गेले. ते दिवस फार गोड होते असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याला फडात जागा नव्हती, आणि जागल्याच्या पोराला जागल्याच व्हावं लागे. पण टंचाई आली तर कोणाचं काय कमी होणार, हे टंचाईच्या आधी ठरलेलं असे. जगभरच्या राष्ट्रीय आराखड्यांत मी नेमकी हीच ओळ शोधतो. काय बांधायचं ह्याची पानंच्या पानं सापडतात. काय सोडायचं आणि कोणी, हे क्वचित.

दोनेक वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेला बसलो होतो. भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला होता, तूट लाल अक्षरांत. साहेबांनी शेततळ्यांचं सांगितलं, अनुदानाचं सांगितलं, अर्ज कुठे करायचा ते सांगितलं. मागं बसलेली एक बाई उभी राहिली. म्हणाली, “तूट एवढी आहे, तर केळी कोणी कमी करायची ते पण लिहा ना तिथं.”

साहेब सरपंचांकडे बघू लागले. सरपंच चहाच्या किटलीकडे. त्यांची स्वतःची आठ एकर केळी होती. चहा आला, मग सगळे उठले.

नमस्कार.